महाबलीपुरमला राहिलेला पाथरवट

मद्रासकडचा समुद्र आणि तिथली जुनी दगडी देवळं पाहायची असतील, तर दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका. हे मी दिवाळी अंकात लिहितोय याचं माझं मलाच हसू येतं, पण खरं ते खरं. आपल्याकडे दसऱ्यानंतर आभाळ निवळतं, तिकडे नेमका तेव्हाच पाऊस जोर धरतो. शाळेत हे कुणी शिकवलं असेल तर त्या दिवशी मी गैरहजर असणार. पहिल्या यात्रेला मी नागपूरच्या पलीकडच्या आमच्या पांढुर्ण्याची सव्वीस माणसं दिवाळीनंतर घेऊन गेलो आणि चारही दिवस त्या बिचाऱ्यांनी धर्मशाळेच्या खिडकीतून पावसाचंच पाणी पाहिलं. त्यानंतर माझ्या सगळ्या यात्रा पौष-माघात निघाल्या.

मी काही जन्मानं यात्रावाला नव्हे. पांढुर्ण्यातल्या एका संत्रा-व्यापाऱ्याकडे मी नोकरीला होतो आणि मालाच्या वॅगनबरोबर मद्रासला जाणं हे माझं काम होतं. वॅगन पोचली की माल उतरवून घ्यायचा, दबलेली फळं बाजूला काढायची आणि बाजारातल्या आडत्याकडे पोचता करायचा. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. दोन-तीन हंगामांत मला तिथल्या गल्ल्या कळल्या, कामापुरती तमिळ जिभेवर बसली आणि एका रविवारी आडत्याच्या माणसानं मला महाबलीपुरम दाखवलं. परत आल्यावर मी शेटजींच्या ओसरीवर त्याचं वर्णन करत बसायचो. एकदा शेटजींची म्हातारी आई आतून ओरडली, "अरे मधू, रोज रोज काय सांगून राहिला? एकडाव घेऊन चाल न!" माझ्या धंद्याचं उद्घाटन झालं ते असं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात्रा नेणं म्हणजे तिकिटं काढणं. तिकिटं हा सर्वांत सोपा भाग. खरं काम असतं माणसांना आधी तयार करण्याचं. आमच्या भागातली माणसं जाम नदीत डुंबलेली; समुद्र म्हणजे मोठी नदी, असं ती धरून चालतात. म्हणून निघायच्या आधी मी एक बैठक घ्यायचो आणि एकेक गोष्ट तीनदा सांगायचो. समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही. गुडघ्याच्या वर पाणी येऊ द्यायचं नाही. बोटातली अंगठी काढून पदराच्या गाठीत बांधायची, कारण पाण्यात बोटं आकसतात आणि लाट अंगठी विचारून नेत नाही. दगडी देवळं सकाळी आठच्या आत नाहीतर चारनंतर पाहायची. दुपारी तो दगड तव्यासारखा तापतो, म्हणून अनवाणी फिरायच्या जागी जाडे सुती मोजे घालायचे. घाम इतका येतो की नुसतं पाणी पिऊन भागत नाही, तेव्हा पिशवीत मीठ-साखरेची पुडी हवीच, आणि शहाळं दिसलं की नाही म्हणायचं नाही. तिकडे ज्वारी मिळत नाही. तिसऱ्या दिवशी भात पाहून लोकांचे डोळे भरून यायचे, म्हणून आमचा स्वयंपाकी किसन पिठाचा डबा आणि तिखटाची बरणी सोबत घ्यायचा. आणि तीन शब्द पाठ करून घ्यायचे: तण्णी म्हणजे पाणी, पोदुम म्हणजे पुरे, वेंडाम म्हणजे नको. बायका रेल्वेच्या डब्यात हे शब्द ओव्यांसारखे घोकायच्या.

आता ज्या यात्रेची गोष्ट सांगायची आहे, तिच्यात बत्तीस माणसं होती. त्यांतली दोन लक्षात ठेवा.

एक सौसरचे बोरकर गुरुजी. तीस वर्षं मुलांना भूगोल शिकवून निवृत्त झालेले. भरती-ओहोटी, आखात, द्वीपकल्प हे सगळं त्यांनी खडूनं फळ्यावर काढलेलं. प्रत्यक्षात समुद्र त्यांनी कधीच पाहिला नव्हता. नागपूर सोडल्यापासून ते खिडकीशीच बसून होते. नेल्लोरच्या अलीकडे मला उठवून म्हणाले, "मधुकर, हवा बदलून राहिली. ओठ खारट लागून राहिले. जवळ आलं!" अजून चार-पाच तासांचा प्रवास बाकी होता.

दुसरे लोधीखेड्याचे देवाजीबाबा. पासष्टीचे, काटक, अबोल. जातं, पाटा, वरवंटा घडवणारे पाथरवट. त्यांचा मुलगा रामराव सौसरला सरकारी कचेरीत कारकून होता. बायको गेल्यापासून वडील गप्प गप्प झाले, जरा हवापालट होईल, म्हणून त्यानं त्यांचं नाव माझ्याकडे लिहिलं होतं. पांढुर्ण्याच्या फलाटावर रामराव मला म्हणाला, "मधुभाऊ, तुमच्या भरवशावर पाठवून राहिलो. त्यायले एकटं सोडू नका जी." मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो.

मद्रासला एक दिवस देवळं आणि बाजार, कांचीला एक दिवस, आणि शेवटच्या दिवशी मुद्दाम राखून ठेवलेला समुद्र आणि महाबलीपुरम, असा आमचा बेत होता. त्या दिवशी दुपारी दोनला तिथून निघून संध्याकाळची परतीची गाडी पकडायची होती. ठरवलेली बस आम्हाला घेऊन सकाळी सातला समुद्राशी पोचली.

मी तो समुद्र दहा वेळा पाहिला असेल. तरी आमच्या माणसांबरोबर पाहताना दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा. बस वळली, सुरूच्या झाडांमधून एक निळी पट्टी दिसली आणि बत्तीस माणसं एकदम उभी राहिली. ड्रायव्हर घाबरून तमिळमध्ये ओरडायला लागला. बायका नऊवारीचा काचा वर खोचून धावत सुटल्या. एका शेतकऱ्यानं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं आणि बायकोला हाक मारून म्हणाला, "अवं, सारंच खारट हाये! कितीक मीठ लागलं असन वं!" बोरकर गुरुजी वाळूत उभे होते. दोन्ही हात क्षितिजाकडे करून ते रडत होते आणि हसत होते. "वक्र दिसते! मधुकर, पृथ्वी वक्र दिसून राहिली!" हे आम्हाला नीट समजावून सांगावं म्हणून त्यांनी फळ्याकडे करतात तशी समुद्राकडे पाठ केली आणि पुढच्याच लाटेनं त्यांना वाळूत बसवलं. उठले तेव्हा चष्मा गेला होता. तीनदा सांगितलेली गोष्ट, आणि ती मोडली ती गुरुजींनी! बायका पोट धरून हसल्या. गुरुजींचं त्याकडे लक्षच नव्हतं. म्हणाले, "जाऊ दे, मले जे पाहायचं होतं ते पाहून झालं."

या गोंधळात मी गुरुजींचा हात धरून त्यांना किनाऱ्यावरच्या देवळाकडे नेलं. पाण्याच्या काठावर उभं असलेलं हे देऊळ शेकडो वर्षं खारं वारं खात आहे. त्यावरच्या मूर्तींचे नाक-डोळे साबणासारखे झिजले आहेत. तिथून आम्ही गावातल्या उतारावरचा तो भलामोठा गोल धोंडा पाहिला. आता गडगडेल असं वाटतं, पण हलत नाही. पांढुर्ण्याच्या सहा गड्यांनी त्याला खांदा लावून पाहिलाच. अकरा वाजता उन्हाचा चटका वाढला तसं मी सगळ्यांना झाडाखाली बसवलं, शहाळी आणवली आणि माणसं मोजली.

एकतीस.

पुन्हा मोजली. देवाजीबाबा नव्हते. सगळ्यांना विचारलं तर कुणीच सांगू शकेना. गोल धोंड्याजवळ त्यांना कुणी पाहिलंच नव्हतं. मी उलटा पळत समुद्राकडे गेलो. देवळाच्या मागच्या अंगाला, खडकांपाशी, ओल्या वाळूत त्यांच्या वहाणा होत्या. शेजारी काठी. एक लाट येऊन काठीच्या टोकाला लागत होती.

त्या वेळी माझं काय झालं ते आजही नीट लिहिता येत नाही. एवढंच आठवतं की मी हाका मारत होतो, "बाबा! अजी बाबा!" आणि लाटांच्या आवाजात माझी हाक मलाच ऐकू येत नव्हती. जवळच कोळी जाळी सारखी करत बसले होते. मी त्यांना वहाणा दाखवल्या, पाण्याकडे बोट केलं. त्यांना पुढं काही सांगावं लागलं नाही. दोघांनी लाकडाचे ओंडके बांधून केलेली त्यांची होडी पाण्यात लोटली आणि लाटा कापत ते आत गेले. तिसरा खडकांमधून वाकून पाहत हिंडू लागला. माझ्या डोळ्यांसमोर पांढुर्ण्याचा फलाट आणि रामराव. समुद्राला पाठ करू नका, हे मी तीनदा सांगितलं होतं. पण मी स्वतः मात्र एका चष्म्यापायी माझ्या माणसाकडे पाठ केली होती.

तासाभरानं होडी परत आली. कोळ्यानं मान हलवली. काही सापडलं नाही. सापडलं नाही ते बरं की वाईट, हेही मला कळेना.

तोवर गुरुजी एका बाईंचा हात धरून माझ्यामागे आले होते. चष्मा नसल्यामुळे त्यांना माझा चेहराही धड दिसत नव्हता. ते मान तिरपी करून उभे राहिले. "मधुकर, थांब जरा. हा आवाज कसला आहे?"

"समुद्राचा आहे, गुरुजी."

"तो नाही रे. त्याच्या मागं. टक टक टक होऊन राहिलं ते."

मी वळलो. गावाच्या बाजूनं वाऱ्यावर आवाज येत होता. छिन्नीचा. एक नाही, दहा-वीस छिन्न्यांचा. महाबलीपुरमला आजही मूर्तिकारांची एक गल्लीच आहे, आणि तिथं सकाळपासून दगड घडवणं चालतं. मला दर खेपेचा असल्यामुळे तो आवाज ऐकूच येत नव्हता. मी पळालो.

चौथ्या छपराखाली देवाजीबाबा सापडले. अनवाणी, सदरा काढून खुंटीला लावलेला, मांडी घालून बसलेले. समोर अर्धवट घडलेला ग्रॅनाइटचा हत्ती, आणि बाबा त्याच्या मागच्या पायावर छिन्नी चालवत होते. भोवती सात-आठ कारागीर काम सोडून पाहत उभे. मागाहून कळलं ते असं: देऊळ म्हणून त्यांनी किनाऱ्यावर वहाणा काढल्या, काठी टेकवून ठेवली आणि खडकावरची जुन्या घावांची रांग न्याहाळत असताना हा आवाज कानी पडला. मग वहाणा, काठी, आम्ही सगळे, काहीच त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागलो. बाबांनी मान वर केली. त्यांच्या भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी बसली होती.

"काहून रडून राहिला बापा? काय झालं?"

"बाबा, तुम्ही बुडाले असं वाटलं आम्हाले!"

"मी?" त्यांना खरंच नवल वाटलं. "मी त इथी होतो. पाय न मधू, हा गोटा किती कडक हाये. आपला काळा गोटा याच्यापुढं लोणी. दोन छिन्न्या भोथड्या झाल्या माह्यानं." आणि ते हसले. तीन दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहत होतो.

कारखान्याचे मालक पेरुमाळ म्हणून एक ठेंगणे गृहस्थ होते. त्यांनी माझ्या मोडक्या तमिळला कळेल असं सावकाश सांगितलं, की हा आजोबा आला, न बोलता तासभर उभा राहिला, मग एका पोरसवद्या कारागिराच्या हातातली छिन्नी काढून त्याला तिचा कोन दाखवला. कोन बरोबर होता.

दोन वाजायला आले. बस भोंगा वाजवू लागली. मी बाबांचा सदरा खुंटीवरून काढला. ते उठले नाहीत.

"मधुभाऊ," ते हळूच म्हणाले, "आता आमच्याकडे पाटा कोण घेते? घरोघरी मिक्सर आले. दोन साल झाले, माह्या छिन्न्या कोपऱ्यात पडून हायेत. आज हातात घेतली त हात आपसूक चालला. मले राहू दे इथी."

"किती दिवस?"

"तू डबल कधी येशीन?"

पुढची यात्रा तीन आठवड्यांनी होती. "तीन हप्ते, बाबा. भाषा येत नाही, ओळख नाही, आणि रामरावले मी काय सांगू?"

"सांग का बाप कामावर गेला."

मी पेरुमाळांकडे पाहिलं. त्यांना आमचं बोलणं कळलं नव्हतं, पण मागणं कळलं होतं. त्यांनी छपराच्या कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेकडे बोट दाखवलं आणि जेवल्याची खूण केली. मी माझी शाल आणि मीठ-साखरेची पुडी बाबांना दिली, तीन शब्द पुन्हा म्हणून घेतले आणि बसमध्ये चढलो. हा निर्णय मी दहा मिनिटांत घेतला आणि एकट्यानं घेतला. तेव्हा ट्रंक कॉल लावायचा म्हणजे तास-दोन तास सहज जायचे. पण गाडी चुकली असती तरी रामरावला आधी विचारायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

पांढुर्ण्याला फलाटावर रामराव डब्याच्या प्रत्येक दारातून उतरणारं माणूस पाहत होता. शेवटचं माणूस उतरलं. मी सांगायला सुरुवात केली. त्यानं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"परमुलखात सोडून आले? माह्या बापाले? एकटं सोडू नका म्हणून सांगतलं होतं न मी!" तो इतक्या मोठ्यानं बोलत होता की हमाल थांबले. मी मान खाली घालून उभा राहिलो. त्याचं काही चुकत नव्हतं.

ते तीन आठवडे मी कसे काढले ते मलाच माहीत. दर दोन दिवसांनी बसनं सौसरला रामरावच्या घरी जायचो. तो दारातूनच परत पाठवायचा. बाराव्या दिवशी एक पोस्टकार्ड आलं, पेरुमाळांच्या ओळखीतल्या कुणी इंग्रजीत लिहिलेलं. तुमचे वडील बरे आहेत, दोन वेळा जेवतात, सांबारात तिखट कमी आहे म्हणून भांडतात. रामरावनं ते माझ्या हातात दिलं. पुढच्या यात्रेच्या यादीत त्यानं स्वतःचं नाव लिहिलं. वडिलांना आणायला.

जाताना सगळ्या प्रवासात तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. महाबलीपुरमला या वेळी मी बस आधी पाच रथांपाशी नेली; पेरुमाळांना तसं पत्रानं कळवलं होतं. एकेका अखंड खडकातून कोरलेली ती पाच देवळं, शेजारी दगडाचा हत्ती. बस थांबली तर कुंपणापाशी देवाजीबाबा उभे. कमरेला लुंगी, अंगावर माझी शाल, रंग आणखी रापलेला, गाल भरलेले. रामराव खाली उतरला, पाया पडला आणि म्हणाला, "चला बाबा. सामान घ्या. आता माह्या नजरेआड व्हायचं नाही तुम्ही."

"घेतो न. आधी या लोकायले दाखवू दे," बाबा म्हणाले आणि चालू लागले.

नेहमी इथं मी बोलायचो: राजे, घराणी, कुठून तरी ऐकलेली माहिती. त्या दिवशी मी गप्प राहिलो. बाबांनी खडकावर तळहात ठेवला.

"आपण घर बांधतो त खालून वर बांधतो, व्हय का नाही? यायनं वरून खाली केलं. आधी कळस, मंग भिंत, मंग पाया. एकच गोटा हाये हा. गोट्यात देऊळ होतंच, यायनं आजूबाजूचं काढून टाकलं. पण एक घाव चुकला त डबल जोडता येत नाही. इथी पाहा, वर सारं गुळगुळीत. आता वाका. खाली पाहा. पायाचं काम तसंच राहून गेलं. हा शेवटला घाव. याच्या बाद तो माणूस उठला तो आलाच नाही."

तीस माणसं वाकून तो घाव पाहत होती. बायका बोटानं तो चाचपत होत्या. बाबा पुढच्या रथाकडे गेले, मग त्याच्या पुढच्या, आणि माणसं त्यांच्या मागे. घावावरून कारागीर डावरा होता की उजवा ते सांगायचे. कुठं दगडात शीर लागली आणि कुठं कारागिरानं बेत बदलला, तेही दाखवायचे. पांढुर्ण्याच्या एका आजीबाईंनी रामरावला विचारलं, "हे बाबा कोण जी? इथलेच हायेत का?"

रामरावनं बाबांकडे पाहिलं. मग म्हणाला, "माहे वडील. लोधीखेड्याचे पाथरवट हायेत."

नंतर चार हिवाळे देवाजीबाबा माझ्यासोबत येत राहिले. यात्रेकरूंना दगड दाखवायचे आणि दोन यात्रांच्या मधले आठवडे पेरुमाळांच्या छपराखाली काढायचे. पण त्या दिवशी हे काही ठरलेलं नव्हतं. रथांनंतर बाबांनी किनाऱ्यावरचं देऊळ आणि गावातले खडकही दाखवायला घेतले; दुपारचे दोन वाजून गेले होते, ड्रायव्हर भोंगा वाजवत होता आणि मद्रासची गाडी काही आमच्यासाठी थांबणार नव्हती. मी टाळ्या वाजवल्या, "चला, चला, बसा सगळे!" म्हणत घाई करू लागलो.

तेव्हा रामरावनं माझा दंड धरला. एवढ्या दिवसांत तो पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होता.

"थांबा न जी मधुभाऊ. त्यायचं सांगणं झालं नाही अजून."

मी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं.